जोंधळ्याची काकवी

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने आमच्या भेंडीच्या मोळीला हात लावला आणि तात्यांनी त्याचा हात झटकला. आमचा सोलापूरचा प्रवास हा असा भांडणाने सुरू झाला.

तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळ पेटलं की गूळ कधी उतरवायचा हे तात्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गुळव्या म्हणून त्यांचं नाव मोठं आहे आणि ते त्यांना नीट ठाऊक आहे. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते, म्हणून त्यांनी घरची झाडं मुळासकट उपटून, ओल्या पोत्यात बांधून बरोबर घेतली होती. "सोलापुरात भेंडी मिळत नाही का?" असं मी निघताना विचारलं तर म्हणाले, "मिळंल की. पन माझ्या हाताची हाय का ती?"

कंडक्टर म्हणत होता हे लगेज आहे, तात्या म्हणत होते हे औषध आहे. शेवटी मी मधे पडले, मोळी मांडीवर घेतली आणि पार मिरज येईपर्यंत झाडांच्या लवेने माझे हात खाजत राहिले.

या सगळ्याच्या मुळाशी माझी मैत्रीण शांता. आमच्याच गल्लीतली, उसातच वाढलेली. तिला दिली अक्कलकोट तालुक्यात, दुधनीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या उंबऱ्यावर. दिवाळीत माहेरी आली तेव्हा म्हणाली, "इंदे, शेतकी खात्याच्या साहेबांनी आम्हाला गोड जोंधळ्याचं बी दिलंय. ताट उसासारखं गोड लागतं म्हणे. माघात गूळ करायचाय. आमच्याकडं गुळव्या नाही. तात्यांना घेऊन ये."

मी पोट धरून हसले. "जोंधळ्याचा गूळ? उद्या बाभळीची बासुंदी करशील."

शांता हसली नाही. तिची सासू एक तुकडा रान तिच्या हवाली करायला मोठ्या मुश्किलीने तयार झाली होती, आणि अट घालून. त्या जोंधळ्याने माणसाला गोड दिलं आणि बैलाची वैरणही राखली, तर पुढच्या वर्षी सगळं रान त्याचंच. नाहीतर पुन्हा त्या बियाचं नाव घरात काढायचं नाही. "दुष्काळात आमचे हे सडकेवर खडी फोडायला गेले," शांता म्हणाली. "मी पण गेले. उसातली पोर मी, मला कोरडवाहू काय असतं ते ठाऊक नव्हतं. आता त्याच कोरड्या रानातून काहीतरी गोड निघतंय म्हणतात, तर मला ते बघायचंय गं." त्यानंतर मला हसू आलं नाही.

सांगोल्याला गाडी पंक्चर झाली. चहा झाला, भेंडीवर पाणी शिंपडून झालं, आणि उन्हं कलती झाल्यावर गाडी मंगळवेढ्याच्या शिवारात शिरली. तिथे मी बोलायची थांबले. मला ओळखणाऱ्यांना यावरून कळेल काय दिसलं असेल ते.

काळीभोर सपाट जमीन, तिला शेवट म्हणून नाही. आणि तिच्यावर जोंधळा. आमच्याकडे उसाचे फड असतात, फडाला बांध असतो, बांधाला पाट असतो. इथे बांध दिसेना, पाट दिसेना, मोट नाही, इंजिन नाही. नुसता जोंधळा आणि त्याची भरलेली पांढुरकी कणसं, आभाळ टेकतं तिथपर्यंत. वाऱ्याने एकदम सगळं रान एका अंगावर कलायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं. 

तात्यांनी शेजारच्या पटकेवाल्या गृहस्थांना विचारलं, "पाणी कुटनं देता ह्याला?"

"पानी?" गृहस्थांना प्रश्नच कळला नसावा. "पानी न्हाय देत. परतीचा पाऊस झाला की पेरायचं. पुढं भुईतल्या वलीवर आन थंडीवर येतंय की."

"मधी एकबी पाणी न्हाई?"

"न्हाय की."

तात्यांनी सारी हयात उसाला पाळीच्या पाळी पाणी पाजण्यात घालवलेली. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. बऱ्याच वेळाने पुटपुटले, "थंडीवर येतंय म्हंतोय." 

सोलापुरात भवानी पेठेत मुक्काम झाला, शांताच्या नवऱ्याच्या ओळखीच्या विणकराकडे. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दारावर आलेल्या बोहारणीशी दखनी उर्दू. एकाच बाईच्या तोंडून तीन भाषा इतक्या सहज निघत होत्या की मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि एक हिरवी भाजी. तात्यांनी दोन घास खाल्ले आणि त्यांचा हात थांबला.

"ही भेंडी कुटली?"

"तुमचीच," बाई कौतुकाने म्हणाली. "दारात ठेवलेली की मोळी. कवळी होती, तोडली. छान झालीय ना?"

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेंगा गेल्या, झाडं शाबूत आहेत, औषध झाडात असतं, असं मी त्यांना हळूच समजावलं. त्यांनी उरलेली भाजी संपवली. झाली होती मात्र छान.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि आम्ही दुधनीची गाडी धरली. दुधनीच्या स्टेशनावर शांताचा नवरा मल्लाप्पा बैलगाडी घेऊन आला होता. मोजकं बोलणारा, उंचापुरा माणूस. गाडीला दोन बैल, पण जोड दिसत नव्हती. एक पांढरा खिलार, डौलदार, लांब शिंगांचा. दुसरा बुटका, तांबडा.

"माझा ह्यो पांढरा," मल्लाप्पा म्हणाला. "माणक्या. तांबडा शेजाऱ्याचा हाय. माणक्याचा जोडीदार छावणीतनं परत आला न्हाय."

छावणी म्हणजे दुष्काळात सरकारने काढलेली गुरांची छावणी. तेवढं सांगून मल्लाप्पाने बैल हाकले.

घरी शांताची सासू दारात उभी होती. सगळं गाव तिला अव्वा म्हणतं (कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई). काटकुळी, कपाळाला विभूती, नजर अशी की पदर आपोआप सारखा करावा. "बर्री, कुंद्री," ती म्हणाली (या, बसा), आणि तात्यांच्या मोळीकडे बघून मराठीत विचारलं, "पावणे भाजी घेऊन आले व्हय?"

तात्या म्हणाले, "औषध हाय."

"कुनाचं बरं न्हाय?"

शांताने तोंडाला पदर लावला. मीही लावला.

चहा पिऊन थेट रानात गेलो. गोड जोंधळ्याचा तुकडा लांबूनच ओळखू आला. भोवतीचा मालदांडी जोंधळा उंच खराच, पण हा त्याच्याही वर डोकं काढून होता. ताटं जाड, पेरं लांब. मल्लाप्पाने एक ताट मोडलं, विळ्याने साल काढली आणि तात्यांच्या हातात कांडकं दिलं. तात्यांनी ते नाकाशी धरलं, मग दाढेखाली घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडे, शांता माझ्या तोंडाकडे. तात्या चावत होते, चोखत होते. चोथा थुंकून त्यांनी मल्लाप्पापुढे पुन्हा हात केला.

मीही खाल्लं. काय सांगू तुम्हाला. उसाचा गोडपणा एकदम अंगावर येतो. हा आधी हिरवा लागतो, किंचित आंबूस, आणि मग घशाशी जाता जाता गोड होतो. ज्या भुईला परतीच्या पावसानंतर पाण्याचा थेंब मिळालेला नाही, जिच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला, त्या भुईतून ही रसाची कांडी वर आली होती. डोक्यावर भाकरीचं कणीस आणि अंगात साखर. मी त्या ताटांच्या मधोमध उभी राहिले आणि मला खरोखर हात जोडावेसे वाटले. जोडलेही. कुणी बघत नव्हतं.

जेवताना अव्वा वाढत होती. मी गोड जोंधळ्याचं कौतुक सुरू केलं तसा तिने भाकरीचा हात आखडता घेतला.

"बाई, तुमच्या गावात वैरण कुटनं येती?"

"उसाचं वाडं असतं, वरचे हिरवे शेंडे. शिवाय बांधाला गवत."

"हितं कुटलं गवत? कनीस आमचं, कडबा त्याचा. असा वाटा हाय. माझ्या सासूच्या आधीपास्नं हाय." तिने गोठ्याकडे बोट केलं. "दुष्काळात कडबा संपला. मग गोठ्याच्या छपरावरचा काढला. काळा पडलेला, पावसानं कुजलेला. मी वर चढून वढून काढायची आन ती दोघं खालनं माझ्याकडं बगत उभी. त्येबी संपलं तवा छावणीला धाडली. दोन गेले, एक आला. आता ही पोरं म्हंत्यात, कडब्यातला रस काडून घ्यायचा. माणसानं त्याच्या वाट्यातलं गोड काडून घेतलं तर त्याला काय ऱ्हायलं?"

 शांता खाली मान घालून भाकरी मोडत होती. तिची बाजू मला समजत होती आणि अव्वाचीही. मी आपली चटणी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी चरक जोडला. लोखंडी तीन लाटांचा चरक, मल्लाप्पाने एका बागायतदाराकडून आणलेला. तो फिरवायला माणक्या आणि तांबडा. अव्वा गोठ्याच्या सावलीत बसून बघत होती. ताटं आत गेली, हिरवट रस पन्हाळीतून घागरीत पडायला लागला, तशी ती म्हणाली, "त्याच्याच खांद्यावर जू ठिवून त्याच्याच तोंडचं पिळताय की."

तो दिवस नुसत्या चाचणीचा होता. रस गावानेच पिऊन टाकला. तात्यांचं लक्ष मागून पडणाऱ्या चिपाडावर होतं. पिळून चपटी झालेली ती ताटं त्यांनी गोळा केली, अंगणात पातळ पसरली, दुपारी उलटली, संध्याकाळी पुन्हा हलवली. सगळं स्वतःच्या हाताने. अव्वा बघत होती. आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा निवळला. रात्रीच्या जेवणाला तिने तात्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्या काकाला कळतंय. कडबा वाळवावा तसा वाळवला. बुरशी लागाय नको म्हनून."

मी मान डोलावली. मला वाटलं, चला, दोघांचं जुळलं. उसाच्या गावातली मी, माझ्यादेखत हे चाललेलं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटेच चरक सुरू झाला आणि उन्हं वर येईतो काहील भरली. खाली चुलवण पेटलं. आधी तुरीच्या काड्या घातल्या. तात्यांनी भेंडीची झाडं ठेचून त्यांचा बुळबुळीत रस काहिलीत सोडला, काळपट मळी वर आली, ती झाऱ्याने काढली. वास दरवळला. निम्मं गाव जमलं होतं. तात्या रंगात आले होते. कमरेला पंचा, हातात लांब झारा, तोंडाने हुकूम. रस उसळायला लागला तसे ते म्हणाले, "आता जाळ वाडवा," आणि कालच्या वाळलेल्या चिपाडाची मोठी कवळ उचलून त्यांनी चुलवणात कोंबली.

आमच्याकडे हेच करतात. चिपाड वाळवायचं ते जाळायला. गुऱ्हाळाचं जळण म्हणजे चिपाड, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नाही.

अव्वा उठली. ओरडली नाही. ती सरळ चुलवणाच्या तोंडाशी आली, आत हात घातला आणि पेटलेलं चिपाड ओढून बाहेर काढलं. मातीत आपटून विझवलं. मग उरलेल्या ढिगावर जाऊन बसली.

"बाई, भाजला की हात," तात्या म्हणाले.

"ह्ये तुमी जाळायला वाळवलं व्हय?"

तात्यांना अजूनही कळलं नव्हतं. "मग कशाला वाळवत्यात?"

"मी तुमच्या भाकरीवर लोनी घातलं," अव्वा म्हणाली.  मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. गुरांचं खाणं जाळायचं हे तिच्या गावात कुणी स्वप्नातही करत नसेल, आणि ते आम्ही पाहुण्यांनी तिच्या अंगणात केलं होतं.

काहिलीतला रस खाली बसायला लागला. तात्यांचा जीव खालीवर. "जाळ तुटला तर रस वाया जाईल. मागनं काय केलं तरी गूळ बसायचा न्हाई."

"नगं बसू दे."

शांता मधे उभी होती. एका बाजूला काहील, दुसऱ्या बाजूला सासू. मला वाटलं ती सासूला विनवेल. तिने तसं केलं नाही. ती घरात गेली, मागच्या दाराने परसात, आणि गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली. चुलवणाशी रिकामी केली, पुन्हा गेली. उन्हाळाभराच्या स्वयंपाकाच्या गोवऱ्या. पाट्यांमागून पाट्या. मल्लाप्पानेही उरलेल्या तुरीच्या काड्या ओढून आणल्या. अव्वा ढिगावरून बघत होती. एका खेपेला शांताचा पाय अडखळला तशी ती उठली, शांताच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवून घेतली आणि म्हणाली, "चूल जाळ माझी. चालतंय. चिपाडाला हात लावायचा न्हाय." मग तिघांनी मिळून परस रिकामं केलं. मीही दोन पाट्या वाहिल्या. अव्वाच्या पोळलेल्या हाताला काहीतरी लावा म्हटलं तर तिने तो पदराखाली घेतला.

जाळ पुन्हा धरला. तात्या आता हुकूम सोडत नव्हते. रस आटत गेला, दाट झाला, तांबूस झाला, बुडबुडे जाडजूड यायला लागले. तात्यांनी पाण्यात थेंब सोडून गोळी वळून बघितली. वळेना. अजून आटवलं. पुन्हा बघितली. शेवटी त्यांनी काहील उतरवली आणि घोटून घोटून साच्यात ओतली. संध्याकाळपर्यंत आम्ही साच्याभोवती बसून होतो. त्यात गूळ नव्हता. दाट, तांबडी, चमकणारी काकवी होती आणि ती काही केल्या बसायचं नाव घेईना.

"बेल्ल अल्ल," जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला (हा गूळ नव्हे). माणसं एकेक करून उठून गेली.

तात्या पायरीवर बसले. "माझ्या हातनं कदी असं झालं न्हाई," एवढंच म्हणाले. शांता भांडी घासत होती, जरा जास्तच जोरात. मी तिच्याशेजारी जाऊन बसले तर ती म्हणाली, "काही बोलू नको इंदे. बोललीस तर मी रडेन." मी भांडी विसळली.

सकाळी फटफट करत शेतकीचे साहेब मोटारसायकलवरून आले. तरुण होते, चष्मेवाले, बोलायला भारी उत्साही. साचा बघून त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. बोट बुडवून चाटलं आणि पुन्हा बुडवलं. "अहो, या रसात थोडं पीठ असतं. ऊस नव्हे हा, शेवटी ज्वारीच. त्याचा गूळ सहसा बसतच नाही. काकवीच करायची. आणि काकवी तर फर्मास झाली आहे."

"मंजी माझं चुकलं न्हाई?" तात्यांनी विचारलं.

"तुमचं कशाला चुकेल?"

तात्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मला पलीकडे ऐकू आला.

मग साहेबांनी पिशवीतून एक बुटकी बाटली काढली. आत पाण्यासारखं काहीतरी. "याच रसाचं," ते म्हणाले. "आंबवून, उकळून, वाफ धरून काढलंय. उजेडात दिसायचं नाही, आत चला." आम्ही सगळे गोठ्यात शिरलो. त्यांनी वाटीत थोडं ओतलं आणि काडी लावली.

निळी ज्योत उठली. धूर नाही, काजळी नाही, आवाज नाही. अंधारात नुसती निळी, हलणारी ज्योत. मी श्वास रोखून बघत होते. रॉकेलसाठी आम्ही रेशनच्या दुकानात डबे लावून उभ्या राहतो, आणि इथे कोरड्या काळ्या रानातला जोंधळा वाटीत जळत होता. साहेब सांगत होते, उद्या याच्यावर दिवा चालेल, इंजिन चालेल, मोटार चालेल. खरं सांगते, मला ते सगळं कळलं नाही. पण ती ज्योत माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

ज्योत विझली तसा अव्वाचा आवाज आला. "ह्ये इंजनाचं झालं. काकवी मानसाची झाली. माणक्याचं काय?"

"चिपाड गुरं खातात," साहेब म्हणाले. "पुस्तकात दिलंय तसं."

"माणक्यानं वाचलंय का?"

साहेब हसले, पण अव्वा हसत नव्हती. ती बाहेर गेली. ज्या चिपाडावर ती बसली होती त्यातलं तिने दोन हातांत मावेल तेवढं उचललं, विळीवर बारीक केलं, पाटीत घेतलं. दुसऱ्या पाटीत मालदांडीचा चांगला कडबा घेतला. दोन्ही पाट्या माणक्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागे सरली. त्याला उपाशी ठेवून काहीही खायला लावणं तिला मंजूर नव्हतं.

गोठ्यात एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. शांताने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. सबंध रान, पुढचं वर्ष, सगळं त्या बैलाच्या नाकपुड्यांवर येऊन थांबलं होतं.

माणक्याने कडब्यात तोंड घातलं. एक घास ओढला, चावत उभा राहिला. शांताचा हात ढिला पडला. मग त्याने मान वळवून दुसरी पाटी हुंगली. फुर्रकन श्वास सोडला तशी चिपाडाची भुकटी उडाली. जिभेने एक काडी उचलली. चावली. पुन्हा जीभ घातली. मग त्याने तोंड पाटीत घातलं ते वर काढलंच नाही. पाटी रिकामी झाल्यावर बूड चाटत राहिला, पाटी घासत घासत भिंतीपर्यंत नेली.

अव्वा पुढे झाली आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभी राहिली. तोच पोळलेला हात. आमच्याकडे पाठ होती तिची. मग म्हणाली, "शांता, पेर. सगळ्या रानात पेर."

शांता रडली. आदल्या दिवशी राखून ठेवलेलं सगळं रडली.

त्या दुपारी गरम भाकरी आणि काकवी खाल्ली. भाकरी मुद्दाम त्याच तुकड्यातल्या कणसांची, शांताने सकाळीच दळलेली. आमचं पान मांडण्याआधी अव्वाने पहिली भाकरी काकवीत बुडवून माणक्याला नेऊन दिली. मी जेवता जेवता मधेच थांबले. भाकरी जोंधळ्याच्या त्या ताटाची, तिच्यावरचं गोड त्या ताटाचं, गोठ्यातली वैरण त्याच ताटाची, आणि वाटीतली ती निळी ज्योतही. एका काडीने, पाणी न मागता, एवढं सगळं दिलं होतं. उसाचं मला फार कौतुक आहे, पण ऊस आमच्याकडून किती घेतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात आणलं.

निघताना अव्वाने काकवीची बरणी दिली. तात्यांना म्हणाली, "पावणे, पुढच्या साली या. मातुर जळण संगं घेऊन या." तात्या वाकून तिच्या पाया पडले. ते कुणाच्या पाया पडलेले मी पाहिले नव्हते.

परतीच्या वाटेवर मंगळवेढ्याच्या रानात कापणी सुरू झाली होती. कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचलेल्या दिसत होत्या. जाताना मी फक्त कणसं बघितली होती.

घरी आलो तर आमचं गुऱ्हाळ चालूच होतं. पाटाला पाणी खळखळत होतं, चुलवण धडाडत होतं, चिपाडाचे डोंगर पडले होते. तात्यांनी चहासुद्धा घेतला नाही. चुलवणाशी गेले, सवयीने चिपाडाची कवळ उचलली आणि आगीपुढे तसेच उभे राहिले. जाळ घालणारा गडी म्हणाला, "टाका की तात्या, जाळ मंदावतोय." तात्या वळले आणि ती कवळ घेऊन गोठ्यात गेले. मी मागोमाग.

त्यांनी चिपाड आमच्या म्हशीपुढे ठेवलं. उसाचं चिपाड चरबट, कोरडं. तिच्यापुढे हिरव्यागार वाड्याचा भारा पडलेलाच होता. तिने चिपाड हुंगलं, नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं. तात्या तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता.

"हिनं दुष्काळ बघितला न्हाई, इंदे," ते म्हणाले. "देव करो आन बघायला नगो."

मग खाली वाकून त्यांनी ते चिपाड काडी न् काडी गोळा केलं आणि चुलवणाकडे परत नेलं. आत टाकताना मात्र त्यांनी जाळाकडे बघितलं नाही.